चकलीचे बीजगणित

गणिताशी माझे वैर फार जुने आहे. दहावीच्या परीक्षेत त्या विषयाची उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हाती दिली, तेव्हाच मी त्याला मनोमन अखेरचा नमस्कार केला. पुढे यथावकाश मराठी घेऊन एम. ए. झालो, महाविद्यालयात शिकवू लागलो आणि या सदरात दर आठवड्याला शब्दांची उठाठेव करू लागलो. आकड्यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही, आणि आकडेही माझ्या वाटेला फारसे आले नाहीत. महिन्याच्या वीस तारखेनंतर तर मुळीच नाहीत.

पण गेल्या दिवाळीत हा तह मोडला, आणि तोही आमच्याच स्वयंपाकघरात.

झाले असे. दसरा होऊन चार दिवस लोटले होते. रात्रीची जेवणे आटोपल्यावर सौभाग्यवतींनी जाहीर केले, "यंदा मी फराळाच्या ऑर्डरी घेणार आहे. चकल्या आणि बेसनाचे लाडू."

हिच्या चकलीची आमच्या आळीत ख्याती आहे. तिचे काटे जितके नीट उभे राहतात, तितके माझ्या वर्गातले विद्यार्थीही राहत नाहीत. पण चकली विकण्याची कल्पना मात्र नवी होती.

"हे आत्ताच कसं सुचलं?" मी विचारले.

"चिपळूणला आईला आता अगदीच ऐकू येईनासं झालंय. फोनवर मी एक विचारते, ती दुसरंच सांगते. कानाचं यंत्र घ्यायचं ठरलंय. निम्मे पैसे दादा घालणार, निम्मे मी. माझ्या वाट्याला आठ हजार येतात."

"अगं, मग एवढी यातायात कशाला? आठ हजार काय, मी..."

"नको," ती म्हणाली. "आईसाठी एकदा तरी माझ्या हातचं काही जाऊ दे."

'माझ्या हातचं' या दोन शब्दांपुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. मराठीचा मास्तर असलो, तरी कोणत्या शब्दांना उत्तर नसते एवढे मला कळते.

आमची कन्या त्या वेळी बारावीच्या वाणिज्य शाखेत होती. इतका वेळ ती पुस्तकात डोके खुपसून बसली होती. ते एकदम वर आले. "आई, हे तर आमच्या धड्यातलंच गणित आहे! लिनिअर प्रोग्रॅमिंग! तू नुसती आकडे सांग. किती चकल्या नि किती लाडू करायचे, ते मी काढून देते."

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर जे घडले, ते वाचकहो, थोडे सविस्तरच सांगतो. तुमच्यापैकी ज्यांनी माझ्यासारखा अखेरचा नमस्कार केला असेल, त्यांनी घाबरू नये. मला समजले, त्या अर्थी कोणालाही समजेल.

चकल्यांच्या किलोंना कन्येने 'क्ष' म्हटले आणि लाडवांच्या किलोंना 'य'. आईची उलटतपासणी सुरू झाली. एक किलो चकलीला भाजणी, तेल, गॅस धरून खर्च किती? दोनशे रुपये. लाडवांना? चारशे, तूप काय भावाने मिळते, ठाऊक आहे ना! भांडवल किती? हिने भिशीतून साठवलेले बारा हजार. वेळ किती लागतो? सोऱ्या फिरवण्यापासून घाणा निथळेपर्यंत किलोभर चकलीला दीड तास. लाडवांना बेसन भाजून वळेपर्यंत एक तास. रोज सवड किती? "दुपारी अण्णांचं जेवण झालं की एक ते चार," ही म्हणाली. दिवाळीपर्यंत पंधरा दिवस, म्हणजे पंचेचाळीस तास. मागणी? चकल्या कराल तेवढ्या खपतील. लाडू पंधरा किलोंच्या वर जाणार नाहीत. सुटेल काय? चकलीच्या किलोमागे एकशे ऐंशी, लाडवांच्या किलोमागे दोनशे.

कन्येने कागदावर तीन ओळी लिहिल्या.

२००क्ष + ४००य ≤ १२,०००

३क्ष + २य ≤ ९०

य ≤ १५

पहिली ओळ पैशाची, दुसरी वेळेची, तिसरी मागणीची. वेळेच्या ओळीत अपूर्णांक नको, म्हणून तिने तासांऐवजी अर्धे तास मोजले होते. आणखी दोन ओळी तिने खाली बारीक अक्षरात लिहिल्या: क्ष ≥ ० आणि य ≥ ०.

"हे कशाला?" मी विचारले. "उणे चकली कोण करतो?"

"आपण करत नाही, पण गणिताला ते कुठे माहीत आहे? ते म्हणेल, उणे दहा किलो चकल्या करा, म्हणजे पंधरा तास जादा मिळतील. त्याला सगळं सांगावं लागतं, बाबा."

माझे लक्ष मात्र त्या तिरप्या चिन्हावर खिळले होते. गणिताशी माझे मूळ भांडण होते ते 'बरोबर'च्या चिन्हावरून. दोन आडव्या रेघांचे ते चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गृहस्थाने १५५७ साली छापले. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्याही दोन वस्तू नसतात, हे त्याचे कारण. कारण मोठे सुंदर आहे. पण घरात काय, दारात काय, मला असे सारखेपण क्वचितच भेटले. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' ही तिरपी चिन्हे त्यानंतर १६३१ साली, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात प्रथम छापली गेली. हॅरियट तोवर दहा वर्षांपूर्वीच वारला होता. म्हणजे 'बरोबर'नंतर 'कमीजास्त' छापून यायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

आपल्या भाषेचा क्रम मात्र उलटा असावा. 'फार तर', 'निदान', 'कमीत कमी', 'जास्तीत जास्त', 'च्या आत', 'पुरेसे' हे शब्द बायाबापड्यांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येतात. 'अगदी बरोबर एवढेच' असे आपण वाण्याकडे सुट्या पैशांचा हिशेब करतानाच काय ते म्हणतो. आणि 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण घ्या. पाय अंथरुणाएवढेच लांब करावे, असे ती म्हणत नाही. त्याच्या आत कुठेही ठेवा, हवे तर पोटाशी घ्या. बाहेर मात्र जाऊ देऊ नका. ही म्हण म्हणजे शुद्ध असमानता आहे!

'असमानता' हाच गणितातला मराठी शब्द. तो ऐकून मला हसू आले होते. आमच्याकडे हा शब्द व्यासपीठावर राहतो. त्याच्या आगेमागे 'अन्याय', 'शोषण' अशी मंडळी असतात. गणितातली असमानता बिचारी निरुपद्रवी. तिची कोणाविषयी तक्रार नाही, असे मी त्या रात्री समजत होतो.

मग कन्येने आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर चकल्या, उभ्यावर लाडू. प्रत्येक ओळीची एक सरळ रेघ. रेघ कागदाचे दोन भाग करते. एका बाजूला परवडणारे, दुसऱ्या बाजूला न परवडणारे. परवडणारी बाजू कोणती, ते ओळखायची युक्ती अशी, की शून्य चकल्या आणि शून्य लाडू हा बिंदू घालून पाहायचा.

"म्हणजे काहीच करायचं नाही," कन्या म्हणाली. "ते नेहमीच परवडतं."

"तुझ्या बाबांना ठाऊक आहे ते," सौभाग्यवती कांदे निवडता निवडता म्हणाल्या.

सगळ्या रेघांच्या परवडणाऱ्या बाजू एकमेकींवर आल्या, की मध्ये एक तुकडा उरतो. आमचा चार कोपऱ्यांचा निघाला. त्या तुकड्यातला कोणताही बिंदू म्हणजे जमण्यासारखा एक बेत. असे बेत अगणित. मग सगळ्यांत फायद्याचा कोणता? इथे कन्येने लाकडी पट्टी घेतली. सारखा नफा देणारे सगळे बेत एका सरळ रेघेवर येतात. ती रेघ म्हणजे ही पट्टी. पट्टी तिरपी धरून, तिचा कल न बदलता, ती मूळ बिंदूपासून दूर सरकवीत न्यायची. जितकी दूर, तितका नफा मोठा. सरकता सरकता ती त्या तुकड्याला शेवटची जिथे टेकते, ते उत्तर. आणि हे शेवटचे टेकणे नेहमी कोपऱ्यावरच होते. कधी पट्टी एका सबंध कडेवर टेकली, तरी त्या कडेची दोन टोके कोपरेच असतात. म्हणून अगणित बेत तपासायचे कारणच नाही. चार कोपरे तपासले की झाले.

आमचा कोपरा होता वीस किलो चकल्या आणि पंधरा किलो लाडू. नफा सहा हजार सहाशे. आठ हजारांना चौदाशे कमी.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. परातीतल्या टरफलांकडे पाहत राहिल्या. आता आपली पाळी, असे मला वाटले. खाकरून म्हणालो, "हे पाहा, तुझा मान राहू दे, पण मी भांडवलाला पाच हजार उसने देतो. व्याज नको. माल जास्त आण, फराळ जास्त कर, नफा तुझा."

या तोडग्यावर मी मनातून खूश होतो. पण कन्येने पैशाच्या रेघेवर बोट ठेवले. "बाबा, ही बघा. ती आपल्या तुकड्याला कुठे शिवतच नाही. बाहेरूनच गेलीय. या बेताला दहा हजार लागतात. आईचे दोन हजार तसेच शिल्लक राहतात. तुमच्या पाच हजारांनी एक चकलीसुद्धा वाढणार नाही."

एक चकलीसुद्धा नाही! आयुष्यभर मी समजत आलो, की संसारात अडते ते पैशाशी. आणि इथे आलेखाचा कागद सांगत होता, की पैसा दाराबाहेर नुसता उभा आहे. कोपऱ्यावर मिळालेल्या रेघा दोनच: मागणीची आणि वेळेची. मागणी तर आमच्या हातची नव्हती.

"आणि वेळ वाढला तर?" मी विचारले.

"एका तासाला एकशेवीस रुपये. एका तासात किलोचा दोनतृतीयांश भाग चकली होते ना, म्हणून."

जी रेघ आपल्याला खरोखर अडवते, ती थोडी सरकवली तर किती लाभ होईल, याचीही या शास्त्रात किंमत काढतात. न अडवणाऱ्या रेघेची किंमत शून्य. त्या रात्री माझ्या पाच हजारांची किंमत शून्य होती आणि हिच्या दुपारच्या तासाची एकशेवीस.

हे शास्त्र मुळात चकल्यांसाठी निघाले नाही, हे सांगायला नकोच. लेनिनग्राडमधल्या लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे प्लायवुडच्या कारखान्यातल्या यंत्रांना काम कसे वाटून द्यावे हा प्रश्न आला. त्यातून त्याने १९३९ साली आपली रीत मांडली आणि पुढे १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले. अमेरिकेत जॉर्ज डान्त्सिग याने १९४७ साली कोपऱ्याकोपऱ्याने चालत उत्तर गाठण्याची पद्धत शोधली. रेघा तीन असोत की तीन हजार, ती चालते.

या डान्त्सिगची एक गोष्ट कन्येने मला दुसऱ्या दिवशी वाचून दाखवली. डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगितले. तेव्हा त्याने शेकडो पदार्थांची कोष्टके गणकयंत्रात घातली आणि पोट भरल्यासारखे वाटेल पण उष्मांक बेताचे राहतील, असा आहार मागितला. यंत्राने जी यादी दिली, तीत पाचशे गॅलन व्हिनेगर होते! फार व्हिनेगर पिऊ नये, ही अट घालायची राहून गेली होती. व्हिनेगर वगळले, तर यंत्राने रोज सूपच्या दोनशे वड्या खायला सांगितले. तीही अट कोणी लिहिली नव्हती. अखेर त्याच्या पत्नीने, ॲनने, यादीतले घेण्यासारखे तेवढे घेतले आणि स्वतःच त्याला पथ्यावर ठेवले. आणि त्याचे वजन उतरले.

कन्या हसत होती. मी मात्र हसता हसता थांबलो. यंत्राचे चुकले नव्हते. लिहिलेल्या अटी त्याने पाळल्या होत्या. चूक होती ती न लिहिलेल्या अटींत. मग आमच्या कागदावर काय लिहायचे राहिले होते?

मी कागद पुन्हा घेतला. पैशाची ओळ खरी होती. बारा हजार म्हणजे बारा हजार. मागणीची खरी होती. पण वेळेची? दिवसाचे तास चोवीस. त्यांतले तीनच हिचे, हे कोणी ठरवले? मी पेन घेतले आणि बाकीचे एकवीस लिहून काढू लागलो. झोप सहा तास. पहाटे चार डबे. अण्णांचे दूध, गोळ्या, आंघोळीचे पाणी, दुपारचे पथ्याचे जेवण, संध्याकाळी देवळापर्यंत फिरवून आणणे. चिरंजिवांचा अभ्यास. दोन वेळचा स्वयंपाक, चार वेळचा चहा. त्यातला माझा एक मी वर्तमानपत्र वाचताना, दुसरा उत्तरपत्रिका तपासताना. कागद भरला. मग त्याच्याशेजारी मी माझा दिवस लिहिला. तो अर्ध्या कागदातच संपला.

अण्णा माझे वडील आहेत. त्यांना फिरवून आणायला मला पाय आहेत. ही रेघ तेलातुपासारखी बाजाराने आखलेली नव्हती, निसर्गानेही नव्हती. ती आमच्या घराने आखली होती, आणि हिने गेली वीस वर्षे तिच्या आत पाय पसरले होते. व्यासपीठावरची असमानता आणि गणितातली असमानता या दोन निराळ्या बायका आहेत, असे मी समजत होतो. त्या दोघी आमच्याच स्वयंपाकघरात एका पाटावर बसलेल्या निघाल्या.

संध्याकाळी मी हिला म्हणालो, "उद्यापासून अण्णांची गोळ्या-दूध नि देऊळ माझ्याकडे. सकाळचे डबे मुलं नि मी भरतो. तुला रोज एक तास जास्त मिळेल. चाराऐवजी पाच वाजेपर्यंत."

"जमेल तुम्हांला?" ती म्हणाली. त्या प्रश्नात संशय फार तर निम्मा होता. निदान मी तसे समजलो.

जमले असे म्हणवत नाही. पहिल्या दिवशी चिरंजिवांच्या डब्यात भाजी होती आणि पोळी नव्हती. अण्णा देवळापर्यंत आले, पण परतताना कट्ट्यावर मित्रांत असे रमले की अंधार पडला. उत्साहाच्या भरात मी सोऱ्याही हाती घेऊन पाहिला. माझी चकली पहिल्याच वेढ्याला तुटून तिचे प्रश्नचिन्ह झाले. तेव्हा तो नाद सोडला. हिचा एक तास मोकळा करायला माझे दोन तास लागत, हे आमच्या घरातले सर्वांत नवे समीकरण. पण पंधरा दिवसांत पंधरा तास मोकळे झाले. त्यांच्या दहा किलो चकल्या झाल्या. भांडवलाचे उरलेले दोन हजारही त्यांत लागले. म्हणजे दाराबाहेर उभा असलेला पैसा अखेर आत आला, तोही वेळेने दार उघडल्यावर. तीस किलो चकल्या, पंधरा किलो लाडू. शेवटी कन्येने हिशेब केला: आठ हजार चारशे. वरच्या चारशेंत यंत्राच्या बॅटऱ्या आल्या.

दिवाळी सरली, तुळशीचे लग्नही झाले. पण संध्याकाळी अण्णांबरोबर देवळाकडे मीच जातो. हिला रोज मिळणाऱ्या त्या तासाचे ती काय करते, हे मी विचारलेले नाही. त्या तासाला आता किलो आणि रुपये लावायचे कारण उरलेले नाही.

कार्तिकातल्या एका रविवारी चिपळूणहून फोन आला. ही स्वयंपाकघरात होती, म्हणून मी घेतला. सासूबाई आहेत हे कळताच जुन्या सवयीप्रमाणे मी छाती भरून श्वास घेतला आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "नमस्कार करतो! प्रकृती कशी आहे?"

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो जावईबापू, ओरडताय कशाला? मला ऐकू येतंय."